घरचं फायबर गल्लीला: खानदेशात सार्वजनिक वायफाय हॉटस्पॉट कसा उभा करायचा

गावात एका घरी फायबर आलं की आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला कळतं. अमळनेर-पारोळ्याकडे मागायची पद्धतही सरळ आहे: 'भो, वायफायना पासवर्ड सांग ना.' नाही म्हणणं जड जातं, कारण गरज खरी असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला लेक्चर बघायचं असतं. कुणाचे ई-पीक पाहणीचे फोटो अपलोड होत नसतात. बचत गटातल्या ताईंची केवायसी ओटीपीनंतर गोल गोल फिरत राहते. मोबाइलचा टॉवर आहे, पण संध्याकाळी सगळं गाव एकदम ऑनलाइन आलं की त्याचा जीव जातो.

माझं मत स्पष्ट आहे. घरी चांगली लाइन असेल तर ती गल्लीला जरूर द्या, पण घरचा पासवर्ड वाटून देऊ नका. वापरणाऱ्याची नोंद राहील, घरचं नेटवर्क वेगळं राहील आणि लाइन देणाऱ्या कंपनीच्या अटी मोडणार नाहीत, अशी सोय आता आहे आणि ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

आधी कायद्याची बाजू

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. त्या घरात राहणाऱ्याचा कटाशी काही संबंध नव्हता, तरी चौकशी आधी त्याच्याच दारात आली. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने निर्देश काढले की सार्वजनिक वायफायवर येणाऱ्याची ओळख पटवूनच त्याला आत घ्यावं. कनेक्शन तुमच्या नावावर आहे म्हणजे आयपी पत्ता (इंटरनेटवर त्या कनेक्शनची ओळख सांगणारा क्रमांक) तुमच्या नावावर आहे. तुमच्या वायफायवरून कुणी बनावट खातं उघडून कुणाला त्रास दिला, तर पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव तुमचं येतं. म्हणून पासवर्ड भिंतीवर चिकटवण्याचा उदारपणा मी कुणालाही सुचवत नाही.

यावरचा सरळ मार्ग म्हणजे पीएम-वाणी, केंद्र सरकारची सार्वजनिक वायफायची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. जुन्या एसटीडी-पीसीओ बूथसारखाच हा प्रकार आहे, फक्त इथे फोनऐवजी डेटा मिळतो. यात चार घटक असतात. वायफाय प्रत्यक्ष लावणारा तो पीडीओ, म्हणजे तुम्ही. अनेक पीडीओंना एकत्र बांधून लॉगिन, हिशेब आणि नोंदी सांभाळणारी कंपनी म्हणजे पीडीओए. लोक ज्या अ‍ॅपमधून हॉटस्पॉट शोधतात आणि ओळख देतात, तो अ‍ॅप पुरवणारा तिसरा. आणि या सगळ्यांची यादी ठेवणारी केंद्रीय नोंदवही, जी सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था चालवते.

पीडीओला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारला एक रुपयाही भरावा लागत नाही. दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते ती पीडीओएला आणि अ‍ॅपवाल्याला. त्यामुळे 'सरकारी वायफायची एजन्सी देतो, पंचवीस हजार डिपॉझिट भरा' असा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्या. शेतात मोबाइल टॉवर लावून देतो म्हणून लोकांना फसवणारे आपल्या भागाने पाहिलेत. त्यांनी वायफायचं सोंग घेणं अवघड नाही.

लाइन कुठली घ्यायची

घरगुती प्लॅनच्या अटी एकदा वाचा. बहुतेकांत लिहिलेलं असतं की हे कनेक्शन फक्त घरच्या वापरासाठी आहे आणि ते पुढे विकता येणार नाही. हा काटा बराचसा निघालाय. पीडीओने इंटरनेट कंपनीशी वेगळा व्यावसायिक करार केलाच पाहिजे, ही अट सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली गेली. मग जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन कंपन्यांनी पीडीओंनाही द्यावेत, आणि दर त्याच क्षमतेच्या घरगुती प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा. म्हणजे समजा घरी ५०० रुपयांचा प्लॅन आहे, तर तोच पीडीओ म्हणून जास्तीत जास्त १००० रुपयांना मिळायला हवा.

तालुक्याच्या गावात फायबर बहुधा केबलवाल्यामार्फत येतं आणि त्याला हा आदेश माहीत असेलच असं नाही. वाद घालत बसू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, 'पीएम-वाणी पीडीओसाठी प्लॅन हवा' असं लिहा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. प्लॅन घेताना अपलोडचा वेगही विचारा. कागदपत्रं चढवणाऱ्याला डाउनलोड कितीही मिळालं तरी उपयोग नसतो.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या बाजूला जिथे फायबर पोचलेलं नाही, तिथे सिमकार्डच्या राऊटरवर सार्वजनिक हॉटस्पॉट चालवायचा विचार सोडा. डेटा मर्यादित असतो आणि टॉवरच दमलेला असतो. तिथे ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) लाइन आली आहे का आणि ती चालू आहे का, हे आधी ग्रामसेवकाला विचारा.

वेग आणि डेटाचा हिशेब

१०० एमबीपीएसची लाइन धरू. ४० घरासाठी राखा, ६० बाहेर द्या. माणशी ४ एमबीपीएसची मर्यादा घातली तर एकाच वेळी १५ जण पूर्ण वेगाने चालतात. साध्या व्हिडिओला एक-दोन एमबीपीएस पुरतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त लोक बसतात. बऱ्याच घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. घरचे २० काढले तरी ९० उरतात. माणशी दीड जीबी धरला तर दिवसाला ६० जणांची सोय होते. गल्लीला हे भरपूर आहे. मर्यादा घातली नाही, तर मात्र दोन पोरं रात्रभर पिक्चर उतरवून बाकीच्यांची लाइन खातील.

पीडीओए निवडताना

पीएम-वाणीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदलेल्या पीडीओएंची यादी आहे. तुम्हाला भेटलेल्या कंपनीचं नाव तिथे नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. नाव असेल तर पुढच्या गोष्टी लेखी विचारा. लोक डेटासाठी घेतात त्या कुपनच्या पैशातला माझा वाटा किती आणि तो किती दिवसांनी बँकेत येतो? तुमचंच यंत्र घ्यावं लागतं की तुमच्या यादीतलं कुठलंही चालतं? सोडायचं ठरवलं तर ते यंत्र दुसऱ्या पीडीओएसोबत वापरता येईल का? वापराच्या नोंदी कुठे राहतात, आणि पोलिसांचं पत्र आलं तर उत्तर कोण देतं? मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळतो का?

यातला यंत्राचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुलूपबंद यंत्र स्वस्तात मिळतं, पण कंपनीने काम बंद केलं की त्याची वीट होते.

गल्लीत फिरून जागा ठरवा

खरेदीच्या आधी हे काम करा, आणि निवांत करा. फोनमध्ये वायफायची ताकद दाखवणारं एखादं अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या. घरचा राऊटर लांब वायरने ओट्यावर आणून उंच स्टुलावर ठेवा आणि फोन हातात धरून चालत जा. आकडे उण्यात दिसतात: उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ सुरळीत, उणे ७५ च्या खाली गेलं की लोक 'चालत नाही' म्हणायला लागतात. कागदावर गल्लीचा कच्चा नकाशा काढा आणि पार, देवळाची पायरी, किराणा दुकान, पिठाची गिरणी अशा जिथे लोक थांबतात त्या प्रत्येक जागेपुढे आकडा लिहा.

आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड असतात. त्या उन्हाळ्यात घर गार ठेवतात आणि वायफायलाही बाहेर अडवतात. घराच्या आत ठेवलेला राऊटर ओट्यापर्यंत जेमतेम येतो. पत्र्याचं घर असेल तर पत्रा लहरी परतवून लावतो. म्हणून यंत्र बाहेरच लावायचं आणि ते मोकळ्या जागेत बसलेल्यांसाठी आहे हे धरून चालायचं. शेजारच्या घराच्या आतल्या खोलीत पोचेल असं वचन कुणालाही देऊ नका. रावेर, यावल, चोपड्याकडे मळ्यात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: केळीच्या पानात पाणी भरपूर असतं आणि ते वायफाय शोषून घेतं. घर आणि खळं यांच्यामध्ये केळीच्या चार ओळी उभ्या असतील तर आकडा झपाट्याने पडतो. लावणीच्या वेळी मोजलेला सिग्नल बाग वाढल्यावर तेवढा राहत नाही.

जागा ठरवताना मुलींचा विचार आधी करा. हॉटस्पॉट पारावरच पोचत असेल, तर तो गावातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांच्या कामाचा राहत नाही, कारण तिन्हीसांजेला पारावर मुली बसत नाहीत. अंगणवाडीचा ओटा, शाळेचा व्हरांडा, उजेड आणि वर्दळ असलेलं एखादं अंगण पट्ट्यात येईल असं बघा. त्यासाठी यंत्र दहा फूट डावीकडे सरकवावं लागलं तरी सरकवा.

सामान आणि बसवणं

जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. घरात ठेवायच्या साध्या राऊटरची क्षमता बहुधा ४० अंशांपर्यंतच लिहिलेली असते. तो पत्र्याखाली बाहेर टांगला तर दुपारी बंद पडून संध्याकाळी आपोआप चालू होणार, आणि तुम्ही लाइनला दोष देत बसणार. बाहेरच्या वापरासाठी बनवलेला, धूळ-पाण्यापासून आयपी ६५ दर्जाचं संरक्षण असलेला, वायफाय सोडणारा अ‍ॅक्सेस पॉइंट घ्या. डब्यावर तापमानाची मर्यादा वाचा, ६० च्या पुढे हवी. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बँडचा घ्या. पहिला लांब जातो, दुसरा जवळच्यांना वेग देतो. शक्यतो उत्तरेकडच्या किंवा पूर्वेकडच्या भिंतीवर, छज्जाच्या सावलीत, दहा-बारा फुटांवर बसवा.

आतून बाहेर एकच कॅट-६ केबल न्यायची. तीच वीजही नेते, याला पीओई म्हणतात. इथे घाई करू नका. काही यंत्रं २४ व्होल्टच्या साध्या पीओईवर चालतात, काही ४८ व्होल्टच्या. २४ चं यंत्र ४८ च्या साध्या इंजेक्टरला (केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डब्याला) जोडलं की जळतं. यंत्रासोबत आलेला इंजेक्टरच वापरा आणि त्यावर पेनाने नाव लिहून ठेवा. केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्या. करड्या रंगाची घरगुती केबल दोन उन्हाळ्यांत तडकते. लांबी १०० मीटरच्या आत. भिंतीतून आत जाण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत माकडं लोंबती केबल ओढतात, तिथे ती पाइपातून न्या.

अवकाळीच्या विजांपासून वाचवायला केबलवर सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरं अर्थिंग द्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. काळी जमीन भेगाळली की अर्थिंग नावापुरतंच उरतं.

लोडशेडिंगचा हिशेब साधा आहे. फायबरचं मोडेम आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून साधारण २५ वॅट खातात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. त्यातले दोन तृतीयांश वापरले तर सव्वादोन तास निघतात. घरी इन्व्हर्टर असेल तर दोन्ही यंत्रं त्यावरच घ्या.

घरचं आणि बाहेरचं वेगळं करा

हे पाऊल वगळायचं असेल तर हॉटस्पॉट लावू नका, इतकं ते महत्त्वाचं आहे. बाहेरचा माणूस आणि तुमच्या घरातला टीव्ही, लॅपटॉप, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर एकाच नेटवर्कवर असता कामा नये. डीव्हीआरचा पासवर्ड बहुतेक घरांत कंपनीने दिलेला तसाच असतो, म्हणजे तुमचं अंगण कुणीही बघू शकतं.

सगळ्यात आधी मोडेम आणि राऊटरचे अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा, बाहेरून राऊटर चालवायची सोय बंद करा, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. घरच्या वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ सुरक्षा आणि नवा पासवर्ड द्या, कारण जुना गावभर झालेला असतो. मग बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच राऊटरमध्ये पाडलेल्या स्वतंत्र नेटवर्कवर) टाका. राऊटरमध्ये ती सोय नसेल, तर असणारा छोटा राऊटर घ्या. घरचं आणि बाहेरचं त्याच्या वेगवेगळ्या पोर्टवर येऊ द्या. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' चालू करा, म्हणजे ओट्यावर बसलेल्या दोघांचे फोनही एकमेकांना दिसणार नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो ठेवा. मुलं वापरणार आहेत, म्हणून पीडीओएची हरकत नसेल तर बाहेरच्या नेटवर्कला डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ द्या. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते.

झालं म्हणून सोडू नका, तपासा. स्वतःचा फोन बाहेरच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये घरच्या राऊटरचा पत्ता टाका, तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो. लॉगिनचं पान उघडलं तर भिंत अजून उभी राहिलेली नाही. डीव्हीआरचा पत्ता टाकून बघा. पान फिरत राहिलं आणि काहीच उघडलं नाही, तरच पुढे जा.

सुरू केल्यावर

पीडीओए तुमचं यंत्र नोंदवतो आणि मग ते पीएम-वाणीच्या अ‍ॅपमध्ये दिसायला लागतं. वापरणाऱ्याने एकदाच अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपीने ओळख द्यायची, मग कुपन घेऊन जोडायचं. पहिले काही दिवस संध्याकाळी स्वतः ओट्यावर बसा आणि लोकांना अ‍ॅप लावून द्या. विशेषतः वडीलधाऱ्यांना. 'आबा, हा नंबर मला सांगू नका, तुम्हीच टाका' असं म्हणत शिकवलं की ओटीपीची शिस्तही त्याच बैठकीत लागते. यूपीआय आणि बँकेचं काम मोबाइल डेटावरच करा, हेही तिथेच सांगा. सारख्या नावाचा खोटा हॉटस्पॉट कुणीही उभा करू शकतो, म्हणून जोडणी नेहमी अ‍ॅपमधूनच करायला लावा.

भिंतीवर एक पाटी हवी: हॉटस्पॉटचं नाव, वेळ, कुपनाचे दर आणि अडचण आली तर कुणाला विचारायचं. रात्री दहानंतर बाहेरचं नेटवर्क आपोआप बंद होईल असं वेळापत्रक लावा. गल्लीची झोप आणि तुमची शेजारपाजारची नाती दोन्ही टिकतात. परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवा.

लाइन गेली की आधी मोडेमचे दिवे बघायचे. लॉसचा (LOS) दिवा लाल असेल तर फायबर तुटलंय किंवा कुठे दुमडलंय. राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, केबलवाल्याला फोन करा. लॉस विझलेला आणि पॉनचा (PON) दिवा हिरवा स्थिर असेल तर फायबर ठीक आहे, अडचण पुढच्या यंत्रात किंवा प्लॅनच्या मुदतीत आहे. घरातली बारीक फायबर खिळ्याभोवती गुंडाळू नका. तिला मोठी वळणं लागतात, तीव्र कोनात दुमडली की आतली काच तुटते आणि वरून दिसतही नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर हा मोठा धंदा नाही. समजा लाइन, वीज आणि किरकोळ मिळून महिना १२०० रुपये खर्च आहे, कुपन १० रुपयांचं आहे आणि त्यातले ७ तुमच्याकडे येतात. मग खर्च निघायला महिन्याला १७२ कुपनं, म्हणजे रोज सहा खपायला हवीत. बसस्टँडजवळ, अभ्यासिकेसमोर, बाजारपेठेत हे सहज होतं. दीडशे उंबऱ्यांच्या गावात सगळे महिने होईलच असं नाही. तिथे किराणा दुकानदार किंवा आपले सरकार सेवा केंद्रवाला यांनी हे घेतलं तर बरं जमतं, कारण लाइन त्यांना तशीही लागते. काही पीडीओएंकडे मोफत कुपनांचीही सोय असते. गणपती मंडळाने किंवा ग्रामपंचायतीने विद्यार्थ्यांच्या कुपनांचा भार उचलला तर फार चांगलं काम होईल.

कधी पोलीस ठाण्यातून विचारणा आली तर घाबरू नका आणि वापराच्या नोंदींतलं काही पुसू नका. पत्र लेखी मागा, तुम्ही पीएम-वाणीचे पीडीओ आहात हे आणि तुमच्या पीडीओएचं नाव लेखी कळवा, आणि त्याच दिवशी पीडीओएलाही ईमेल करा. कोण कधी जोडलं होतं हे त्यांच्या नोंदीत असतं. यासाठी करार, प्लॅनची पावती, कंपनीचा ईमेल आणि यंत्राच्या डब्यावरचा मॅक क्रमांक (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.